खालचा आवाज

मुलीने बंगळुरूहून पाठवलेलं गाणं नवऱ्याने पहिल्यांदा ऐकलं ते फोन स्टीलच्या पेल्यात उभा करून. पेल्यात ठेवला की आवाज मोठा होतो, हा त्याचा जुना शोध. मोठा होतो हे खरं, पण डब्यात वाटाणे घालून हलवल्यासारखा होतो. गाणं म्हणायचं, पण त्यात गाणारं कुणीच नव्हतं. सगळं कॉम्प्युटरवर केलेलं. नुसता ठेका, आणि मधूनमधून कुणीतरी दाराची कडी वाजवावी तसे आवाज. आमची मुलगी असलंच ऐकते, अभ्यास करताना, जेवताना, बसमध्ये. "बाबा, सुरुवातीला काही होत नाही. थांबा जरा, मग बघा," असं तिने सोबत लिहिलं होतं.

नवरा थांबला. पेल्याकडे कान करून बसला. मी पोळ्या करत होते आणि माझ्या मते जे काही व्हायचं ते होऊन गेलं होतं.

"यात खालचा आवाजच नाही," तो म्हणाला.

"खालचा म्हणजे?"

"अगं, ताशा ऐकू येतोय. ढोल कुठाय? ढोल असणारच. ताशा असा एकटा एवढा वेळ तडतडत नाही. तो कुणाची तरी वाट बघतोय."

तव्यावरची पोळी करपली, कारण मी त्याच्याकडे बघत राहिले. ऑपरेशननंतर ढोल हा शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदा आला होता.

तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते. मनात आणि कागदावर मात्र तो. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर एवढी मोकळीक घ्यायला हरकत नाही.

माझा नवरा ढोलवाला आहे. पोटापाण्यासाठी तो आणि माझे धाकटे दीर पंचवटीत हार्डवेअरचं दुकान चालवतात. नळ, खिळे, रंगाचे डबे. पण कुणी विचारलं, तुम्ही काय करता, तर दुकान तो दुसऱ्या वाक्यात सांगायचा. पहिल्या वाक्यात पथक. मिसरूड फुटल्यापासून तो आमच्या भागातल्या ढोल पथकात वाजवत होता, पुढे नव्या पोरांना शिकवायला लागला. खरं सांगायचं तर मला ढोल कधीच आवडला नाही. ढोलवाला आवडला. मी अंबडच्या एका कारखान्यात तपासणीच्या कामाला आहे. तयार झालेला भाग गेजमध्ये घालून बघायचा. बसला तर पास, नाही बसला तर बाजूला. दिवसभर कानाशी प्रेसची धडधड, आणि संध्याकाळी घरी यावं तर हा सरावाहून आलेला, कानातले कापसाचे बोळे काढायला विसरलेला. पथकातली जुनी माणसं कापूस घातल्याशिवाय ढोल कमरेला बांधत नाहीत. मी म्हणायची, भाजी कुठली करू, आणि हा म्हणायचा, "काय? मोठ्याने बोल." असा आमचा संसार, निम्मा ओरडून झाला.

गेल्या थंडीत त्याची बायपास झाली. छातीचं हाड कापलं, तारेने शिवलं. डॉक्टर म्हणाले, वजन उचलायचं नाही, ढोल तर नावालाही नाही. बाकी रोज चाला आणि खुशाल जगा. हृदय उत्तम चाललंय. एखादा ठोका कधी मागेपुढे होतो, त्याला घाबरायचं नाही.

घाबरायचं नाही असं सांगून कुणी घाबरायचं थांबत असतं तर देवळं ओस पडली असती. माझा नवरा चालला तो हॉलपासून बाल्कनीपर्यंत. उरलेला वेळ डाव्या मनगटावर उजव्या हाताची दोन बोटं. टीव्ही बघताना, पेपर वाचताना, ताटावर बसला तरी घास खाली ठेवून बोटं मनगटावर. डाव्या कुशीवर झोपणं त्याने सोडून दिलं. विचारलं तर म्हणाला, "उशीत कान दाबला की आतलं ऐकू येतं."

"आतलं काय?"

"ठोका. मग मी ऐकतच बसतो. सुटतो की काय म्हणून."

तेव्हा मला त्याची खरी अडचण कळली. तुम्ही-आम्ही आपलं हृदय ऐकलं तर ते धडधडतंय एवढंच कळणार. हा आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका ऐकत आला. एवढे ढोल एकदम वाजत असताना मागच्या रांगेतल्या कुणाचा हात अर्धा क्षण मागे राहिला तर हा मान वळवून बरोबर त्याच्याकडे बघायचा. तोच कान आता त्याने स्वतःकडे लावला होता. तो चूक पकडायला बसला होता, आणि चूक सापडली तर काय होईल या भीतीने आमचा माणूस दिवसेंदिवस आक्रसत चालला होता.

पावसाळा लागला आणि मैदानावर पथकाचा सराव सुरू झाला. आमच्या घरापर्यंत आवाज येतो. पहिल्याच संध्याकाळी त्याने उठून खिडकी लावून घेतली. मग पथकातली पोरं बोलवायला आली. "काकू, दादांना सांगा, नुसतं खुर्ची टाकून बसा. वाजवू नका." मी आत बघितलं. तो दाराआड उभा होता, बोटं मनगटावर, आणि मला मानेनेच नको म्हणत होता. मी सांगितलं, झोपलेत. पोरं निघून गेली. त्या दिवशी मला त्याचा राग आला आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे धड एकही करता आलं नाही.

म्हणून ती पोळी करपली तेव्हा मी मनाशी ठरवलं, याला हेडफोन घ्यायचे. कानात दुसरं काही भरलं म्हणजे आतलं ऐकणं बंद होईल. चालायला जाईल. भूक लागेल. डाव्या कुशीवर झोपेल. माझं गणित सरळ होतं.

मुलीला फोन केला तर तिला आभाळ ठेंगणं झालं. मला तिने चांगला तासभर शिकवलं. घडी होणारे घ्या, पिशवीत मावतील असे, म्हणजे बाबा चालायला नेतील. कानावर नुसते टेकणारे नकोत, कान पूर्ण झाकणारे हवेत. गादी मऊ हवी, चष्म्याच्या काडीपाशी फट राहता कामा नये. "आई, फट राहिली की सगळ्यात आधी बेस पळतो. वरचे आवाज राहतात, खालचे जातात." हे मला एका झटक्यात समजलं. म्हणजे गेजमध्ये बसलं पाहिजे. मी डॉक्टरांनाही फोन केला, कारण हेडफोनमध्ये लोहचुंबक असतं असं कुणीतरी म्हणालं होतं. डॉक्टर हसले. पेसमेकर नाही ना बसवलेला, मग खुशाल ऐकू द्या, फक्त आवाज बेताचा ठेवा.

एमजी रोडच्या त्या दुकानात तो माझ्याबरोबर आला, हेच मला पुष्कळ होतं. दुकान बोळासारखं लांबट, भिंतीवर खालपासून वरपर्यंत हेडफोन टांगलेले. मालक आमच्याच वयाचे, चष्मा डोक्यावर ढकललेला. "बोला साहेब, काय दाखवू? कॉल करायला की गाण्याला?"

"ढोलाला," नवरा म्हणाला.

मालकांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "बेस चांगला हवा."

आता ढोल विकत घेताना ही पथकातली माणसं काय करतात ते सांगायला हवं. आधी ढोलाच्या पानावर, म्हणजे वरच्या ताणलेल्या पडद्यावर, अंगठा दाबून बघतात. मग कुणाला तरी वाजवायला सांगतात, स्वतः समोर उभी राहतात, पोटावर तळहात ठेवतात आणि डोळे मिटतात. कान फसतो, पोट फसत नाही, असं माझा नवरा नव्या पोरांना सांगायचा. ढोल पोटात लागला तर घ्यायचा.

त्याने तेच केलं. पहिला हेडफोन हातात घेतला, त्याच्या गाद्यांवर अंगठा दाबला, मागच्या बाजूवर बोटाच्या पेराने टकटक केलं, डोक्याला लावला, पोटावर हात ठेवला आणि डोळे मिटून उभा राहिला. मालकांनी गाणं लावलं. बाहेर रिक्षांचे हॉर्न चालले होते, एक बाई चार्जर बदलून मागत होती, आणि मधे हा समाधी लावून.

"मॅडम," मालक हळू आवाजात म्हणाले, "साहेबांना काही त्रास होतोय का? पाणी देऊ?"

"नाही हो. ते बेस बघतायत."

एकेक करत त्याने बरेच बघितले. कानात बोंडासारखे घालायचे होते ते त्याने घातले आणि लगेच काढले, म्हणाला, गुदमरतं. एक जाडजूड होता, बटण दाबलं की बेस वाढणारा, मालकांच्या मते तरुण पोरांचा लाडका. तो लावून नवऱ्याने तोंड वाकडं केलं. "याचे सगळे ढोल ओले आहेत. पान भिजलं की असं होतं. मारला की धुम्म करून पसरतो, थांबायचं नाव नाही. पुढचा ठोका मागच्यात बुडतो." एक हलका होता, फोमच्या गाद्यांचा, कानावर फुलासारखा बसणारा. मला तोच आवडला, दिसायलाही नाजूक. पण त्यातून सगळा खालचा आवाज बाहेर गळत होता. गाणं मलाच समोर उभं राहून ऐकू येत होतं. मग मालकांनी एक काळा काढला. घडी होणारा, कान पूर्ण झाकणारा, वायरचा.

"वायरचा जुना वाटेल, पण चार्जिंगची झंझट नाही. तुमच्या फोनला भोक आहे का? आहे. मग लाइफटाइम टेन्शन नाही."

"वायर असू दे," नवरा म्हणाला. "ढोलाला पण दोरी असते."

लावला. अंगठा, टकटक, पोटावर हात. बराच वेळ उभा राहिला. "याचं पान कोरडं आहे," तो म्हणाला. "ठोका सुटा पडतो. पण पोटात काहीच नाही."

"साहेब, पोटात पाहिजे तर डीजे लावावा लागेल. गल्लीवाले मारतील. हे कानाचं आहे."

यावर माझा नवरा हसला. एवढंसं हसला, पण मी बघितलं. मी लगेच तो काळा हेडफोन बांधून द्यायला सांगितलं, मत बदलायच्या आत.

दुसऱ्या दिवशी मी कामावर होते. दिवसभर वाटत होतं, आता लावला असेल, आता ऐकला असेल. घरी आले तर हेडफोन त्याच्या कापडी पिशवीत घालून फ्रिजवर ठेवलेला, आणि हा बाल्कनीच्या खुर्चीत. बोटं मनगटावर.

"ऐकलं का?"

"ऐकलं."

"ढोल आला?"

"आला. लांबून आला."

मी चहा टाकला. त्याच्या हातात कप दिला. मग हळूहळू त्याने सांगितलं. मुलगी फोनवर म्हणाली होती, बाबा, तो खालचा आवाज येतो ना, तो एकदम आणि जोरात येतो, सांभाळून. हा नीट तयारीने बसला. हेडफोन लावला. "गाणं कुठेतरी गल्लीच्या टोकाला वाजत होतं. आणि मी एवढा जवळ. डोकंभर मीच. नुसता ठोका, ठोका, ठोका. मला ते नको. परत देऊन टाक."

मला त्याच्याबद्दल वाईट वाटलं आणि बाकी सगळ्या जगाचा राग आला. मुलीचा, कारण तिने बंद हेडफोन सांगितला. दुकानदाराचा, कारण त्याने विकला. फोमवाला नाजूक घेतला असता तर, असं मला सारखं वाटत होतं. बाजारातून आणलेली वस्तू चुकली की मी चिडते, कारण माझं कामच ते आहे.

शनिवारी सुट्टीच्या दिवशी पिशवी घेऊन मी एकटीच दुकानात गेले आणि तावातावाने सुरू झाले. यातून गाणं ऐकूच येत नाही, माणसाला स्वतःच्या हृदयाचे ठोके ऐकू येतात, नुकतं ऑपरेशन झालेल्या माणसाने काय करायचं, तुम्ही आधी सांगायला नको का. मालकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "मॅडम, ठोका तर कानात बोट घातलं तरी येतो. पण गाणं का नाही येत? त्या दिवशी तर आलं होतं." असं म्हणत त्यांनी पिशवी उघडून काउंटरवर पालथी केली. हेडफोन पडला, वायर पडली, आणि मागून दोन पांढरे कापसाचे बोळे पडले. नीट वळलेले, कानाच्या मापाचे.

"हे पॅकिंगमधलं नाही," मालक म्हणाले.

मी ते बोळे हातात घेतले. ते मी हजार वेळा बघितले होते. उशीखाली, शर्टाच्या खिशात, वॉशिंग मशीनच्या जाळीत. मुलगी म्हणाली होती, ढोल जोरात येतो, सांभाळून. आणि हा उठला असणार, देवघराच्या खणातला वातीचा कापूस घेतला असणार, दोन बोळे वळले असणार, कानात घातले असणार आणि मग वरून हेडफोन चढवला असणार. वाजवायला निघाल्यासारखा. म्हणून गाणं लांब गेलं होतं आणि तो जवळ आला होता.

मी काउंटरला धरून हसायला लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी कधी आलं ते कळलं नाही, आणि मग ते थांबेना. त्याचा तो एकटा घरात बोळे वळत बसलेला चेहरा माझ्या डोळ्यांपुढून जाईना. मालकांनी या वेळी न विचारताच पाण्याची बाटली पुढे केली. मी हेडफोन परत पिशवीत घातला आणि घरी आले.

नवरा पेपर वाचत होता. मी दोन्ही बोळे पेपरवर ठेवले, बरोबर बातमीच्या मधोमध.

तो बघत राहिला. "अरेच्चा," म्हणाला.

"हेडफोनवर कापूस घालतं का कुणी?"

"ती म्हणाली ना, ढोल येणार म्हणून. माझा हात आपोआपच गेला गं." आणि मग तोही हसायला लागला, छातीवर उशी दाबून, कारण मोठ्याने हसलं की हाड अजून दुखतं. आम्ही दोघं खुळ्यासारखे हसलो. आमच्या घरात असं हसणं किती महिन्यांनी झालं होतं.

मग मी स्वतः त्याला हेडफोन लावला. चष्म्याच्या काड्या थोड्या वर सरकवल्या, गादी कानाभोवती नीट बसवली, फट राहिली नाही ना ते बोट फिरवून बघितलं. गाणं लावलं. मला काहीच ऐकू येत नव्हतं. मी फक्त त्याच्याकडे बघत होते. सुरुवातीला तो अंग आवळून बसला होता, बोटं मनगटाकडे निघालेली. मग भुवया वर गेल्या. ताशा चालू असणार, एकटाच, वाट बघणारा. मग ताशाही थांबला असणार, कारण नवऱ्याने श्वास रोखला. आणि मग त्याची मान एकदम खाली गेली, ढोलाच्या पहिल्या ठोक्याला जायची तशी, आणि दोन्ही हात आपोआप मांडीवर पडले.

"आले," तो मोठ्याने म्हणाला, कान झाकलेला माणूस बोलतो तसा.

"कोण?"

"सगळे."

मी स्वयंपाकघरात गेले, कारण मला तिथे काहीतरी काम आहे असं दाखवायचं होतं. आपला कुणावर किती जीव आहे हे बाईच्या जातीला ओट्यापाशी उभं राहिल्यावरच कळतं, असं माझी सासू म्हणायची. ते त्या दिवशी मला पटलं.

तेव्हापासून आम्ही कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर जायला लागलो. मी कामावरून आले की चहा घेऊन निघायचं. त्याच्या डोक्यावर तो काळा हेडफोन, खिशात फोन, वायर शर्टाच्या आतून. मुलगी रोज नवं काहीतरी पाठवायची आणि हा तिला अभिप्राय कळवायचा: याचा ढोल बरा आहे पण ताशेवाला आगाऊ आहे; यात ढोल खूप, शिस्त नाही; हे मात्र ऐकण्यासारखं. ती पोट धरून हसायची आणि त्याचं म्हणणं आपल्या मैत्रिणींना सांगायची. मी शेजारून चालायची. मला गाणं ऐकू येत नव्हतं, पण त्याचं पाऊल कुठे पडतं ते दिसत होतं, आणि ते कुठल्यातरी ठोक्यावर पडत होतं. तो भराभर चालायचा. मलाच धाप लागायची.

सगळं बरं झालं, असं मी इथे लिहू शकले असते. पण तपासणीत मुरलेल्या बाईला दिसायचं ते दिसतंच. गाणं संपायच्या आत त्याचा हात खिशात जायचा. एकही गाणं तो शेवटपर्यंत जाऊ द्यायचा नाही. शेवट जवळ आला की पुढचं लावायचा, घाईघाईने, रस्ता ओलांडताना मुलाचा हात धरावा तसा.

मी एकदा विचारलं. तो म्हणाला, "दोन गाण्यांच्या मधे मोकळं होतं ना. तेवढ्यात तो येतो."

तो म्हणजे ठोका. आणि हा हेडफोन इतका चांगला होता, इतका घट्ट बसणारा, की मधल्या क्षणभरात त्याला तो ठोका उशीपेक्षाही स्वच्छ ऐकू यायचा. मी म्हटलं, मग तो फोमवाला नाजूक आणू का, त्यात आतलं ऐकू यायचं नाही. त्याने मान हलवली. त्यात ढोल नाही. मलाही कळत होतं. ज्यातून ढोल येणार त्यातूनच तोही येणार. फट ठेवली तर दोघंही जाणार. निवड आमची अगदी बरोबर झाली होती आणि तरी भीती जिथल्या तिथे होती. डाव्या कुशीवर तो अजून झोपत नव्हता.

असे बरेच दिवस गेले. एका संध्याकाळी पाऊस नुकता थांबला होता. ट्रॅकवर तळी साचलेली, बाकं ओली. मी ओढणीने एक बाक पुसलं आणि आम्ही बसलो. तो गाणं ऐकत होता. तेवढ्यात मुलीचा फोन आला, त्याच्याच फोनवर, कारण माझ्या फोनची बॅटरी संपलेली. मी त्याच्या खिशातून फोन काढला, स्क्रीनवर तिचं नाव बघून वायर ओढून सोडवली आणि बोलायला लागले. तिची नोकरीची मुलाखत झाली होती. चांगली झाली होती की वाईट हे तिला कळत नव्हतं, म्हणून तिला सगळे प्रश्न आणि सगळी उत्तरं मला सांगायची होती. मी बोलत बोलत पार फाटकापर्यंत चालत गेले.

तिथे पोचल्यावर मला आठवलं. मी त्याचं गाणं बंद करून आले होते. तो मागे त्या बाकावर एकटा होता, कान घट्ट झाकलेले, आणि आत दुसरं काहीच नाही.

मी मागे वळले. चिखलातून जवळजवळ पळतच. मुलगी फोनमध्ये म्हणत होती, आई, काय झालं, आई. लांबून मला तो दिसला. हेडफोन त्याने काढला नव्हता. वायरचं टोक त्याच्या मांडीवर पडलेलं होतं, कशालाच न जोडलेलं. डोळे मिटलेले. मी हात बघितले. बोटं मनगटावर नव्हती. उजवा तळहात मांडीवर होता आणि अगदी हळू पडत होता, उठत होता, पडत होता.

मी धापा टाकत शेजारी बसले. त्याला चाहूल लागली असावी. डोळे न उघडता त्याने एक बोट वर केलं: थांब. मी थांबले. मग त्याने एका कानावरची गादी उचलली.

"मधूनच एखादा सोडतो," तो म्हणाला.

"डॉक्टरांना फोन लावू का?"

"नको गं. ऐक तर. त्यांनी सांगितलंच होतं. एक सोडतो, आणि पुढचा दणकून मारतो. घाबरून." त्याचा आवाज मला ओळखीचा वाटला, सरावाहून आल्यावर नव्या पोरांबद्दल सांगताना तो असा बोलायचा. "पथकात नवीन आलेलं पोर असंच करतं. एक हुकला की पुढचा जोरात, भरपाई म्हणून. मग परत नीट धरतं."

"मग तुम्ही काय करता त्याला?"

"काय करणार? हाकलून थोडीच द्यायचं. त्याच्या शेजारी जाऊन उभं राहायचं. तेवढ्यानेच त्याला धीर येतो."

त्याने गादी पुन्हा कानावर नीट बसवली आणि डोळे मिटले. हात मांडीवर पडायला लागला. मी मुलीला सांगितलं की सगळं ठीक आहे, मग बोलू, आणि फोन पर्समध्ये टाकला. वायर परत लावली नाही. बाक अजून ओलंच होतं. मी त्याच्या डाव्या अंगाला सरकले आणि बसून राहिले.